वाचलेला तास कुणाचा?

सोमवारी बँकेत गर्दी असते. त्या गर्दीतून एक आजी माझ्या काउंटरवर आल्या. पदराला गाठ, गाठीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड. खात्यात जमा झालेले १५०० रुपये काढायचे होते. त्यांनी मशीनवर अंगठा टेकवला. ठसा जुळत नाही. अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला. जुळत नाही. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. जुळत नाही.

मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्याच्या पेरावर रेषाच उरल्या नव्हत्या. कपाशीचं बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून टोचलं तरी हात थांबवता येत नाही. नखांच्या कडांना चिरा पडलेल्या, चिरांत माती बसलेली. विळा, खुरपं, कपाशी आणि चूल यांनी मिळून तो ठसा पन्नास वर्षांत पुसून टाकला होता.

आजी म्हणाल्या, "मॅडम, अंगठा तं माहाच हाये. मंग थो मले काहून ओयखत नाही?"

उत्तर मला ठाऊक होतं. आजी, तुम्ही जन्मभर काम केलंत म्हणून. पण ते तोंडावर कसं सांगायचं?

मी पैसे काढायची स्लिप घेतली, पासबुकावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला, स्लिपवर शाईचा अंगठा घेतला, रांगेतल्या एका ओळखीच्या माणसाची साक्ष घेतली आणि पैसे त्यांच्या हातात ठेवले. तोवर पाऊण तास झाला होता. त्यांची गावाकडची बस निघून गेली होती. पुढची दुपारी.

ही मशीन आणली तेव्हा वेळ वाचेल असं सांगितलं गेलं. वाचलाही. ज्यांची बोटं कागदावर चालतात त्यांचा वाचला. ज्यांची बोटं मातीत चालतात त्यांचा गेला. आधारच्या व्यवस्थेत डोळ्यांच्या बुबुळांवरून आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. ती प्रत्येक काउंटरवर आणि प्रत्येक रेशन दुकानात हवी. आणि ठसा जुळला नाही म्हणून माणसाला माघारी पाठवू नये, ही पाटी मशीनच्याच शेजारी मोठ्या अक्षरांत लागायला हवी.

त्या दिवसापासून एक प्रश्न मी सोबत घेऊन फिरते आहे. यंत्र जो तास वाचवतं, तो नेमका कुणाच्या पदरात पडतो?

*

मी चिखलीहून मेहकरला अपडाऊन करते. चाळीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. घरी बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि हे. सकाळी तीन डबे भरायचे, संध्याकाळी दोन दप्तरं आवरायची. माझा दिवस एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे, म्हणून एसटीत काय बदललं ते मला लगेच दिसतं.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्या आठवड्यापासून गाडीत बायका वाढल्या. दवाखान्याला निघालेल्या, आठवडी बाजाराला निघालेल्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. शेजारच्या सीटवरची एक जण सांगत होती, "पयले माय वर्षातून दोनदा भेटे. आता मयन्याले भेट होते."

यासाठी ना उपग्रह लागला, ना अ‍ॅप. तिकीट अर्धं केलं आणि माहेर जवळ आलं. वाचलेले पैसे आणि वाचलेला वेळ दोन्ही थेट आईच्या ओट्यावर पोहोचले. सुधारणा म्हणतात ती हीच.

याउलट रेल्वे बघा. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं जिल्ह्यात आहेत, पण ज्या शहराच्या नावाने जिल्हा ओळखला जातो त्या बुलढाण्याला आजही रूळ नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. पणजोबांनी मागितलेली गाडी आज पणतू मागतो आहे. एवढ्या वर्षांत या भागातल्या माणसांनी घाट चढण्या-उतरण्यात किती आयुष्य घालवलं, त्याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

*

मी यंत्राच्या विरोधात नाही. मेहकरात काम करणाऱ्याने तर असूच नये. याच गावात ना. घ. देशपांडे राहिले, इथेच त्यांनी वकिली केली आणि कविता लिहिल्या. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गायली, तिची तबकडी निघाली, आणि ज्या घरांनी मेहकरचं नावही ऐकलं नव्हतं त्या घरांत मेहकरची कविता वाजू लागली. मराठी भावगीताच्या वाटेवरच्या पहिल्या काही मैलाच्या दगडांपैकी तो एक. पुढे १९८६ साली 'खूणगाठी'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवी मात्र मेहकरातच राहिला. ग्रामोफोन हे त्या काळातलं नवं तंत्र होतं. त्याने माणसाला गावातून उपटलं नाही, गावाचा आवाज तेवढा दूर नेला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हेच केलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कितीतरी ओव्या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावगावासकट.

त्या ऐकून आमच्या मुलीने सासूबाईंपुढे मोबाइल धरला. "आजी, ओवी म्हण." सासूबाईंना एकही ओळ आठवेना. जातं घरातून जाऊन वीस वर्षं झाली. त्या म्हणाल्या, हात रिकामा असला की तोंडही रिकामं राहतं. मग त्यांनीच ओट्यावरचा तांब्या पालथा घातला, त्याच्या बुडावर मूठ ठेवली आणि खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग दुसरी, मग सातवी. आईचं नाव आलं, भावाचं आलं, आम्हाला ठाऊक नसलेल्या एका लहानपणीच गेलेल्या बहिणीचं आलं. अकरा मिनिटांचं ते रेकॉर्डिंग आहे. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू येतात. आमच्या घरात मोबाइलने केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

*

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. मेहकर आणि सिंदखेडराजा ही नावं आता त्याच्या फलकांवर आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईकडचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नागपूर-मुंबई प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर आला, असं सरकार सांगतं. चांगली गोष्ट आहे. अडलेला रुग्ण लवकर पोहोचतो, भाजीपाला लवकर पोहोचतो.

पण १ जुलै २०२३ ची पहाट या जिल्ह्याने पाहिली आहे. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याच्या शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. शिकायला, नोकरीला, आपल्या माणसांकडे निघालेली माणसं होती ती.

माझा पुतण्या पुण्यात शिकतो. सुट्टी संपली की तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो. त्या वेळी ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन बघा. प्रत्येक मुलामागे एक आई उभी असते, हातात धपाट्यांचा डबा, लोणच्याची बरणी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी. सूचना ठरलेल्या. पोहोचल्यावर फोन कर, डबा उघडा ठेवू नको. ड्रायव्हरला मात्र कुणीच काही विचारत नाही. मी परवा विचारलं, "दादा, काल झोपलात का?" तो क्षणभर बघतच राहिला. म्हणाला, "ताई, असं कोनी इचारत नाही." मग त्याने खरं ते सांगितलं. सलग तिसरी रात्र होती.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, ही कामाची मर्यादा तेव्हाच त्यात लिहिली गेली. रस्त्याने आठ तास वाचवले असतील, तर त्यातले पहिले काही तास चालकाच्या झोपेला मिळायला हवेत. ते जादा फेरीत जातात. सरळ, सपाट, वळण नसलेल्या रस्त्यावर रात्री डोळा लागतोच. तिथे चालकाचं कौशल्य पुरत नाही, विश्रांती लागते. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीवर दोन चालक असलेच पाहिजेत. आणि तिकीट काढताना आपण आईबापांनी सीटचा नंबर विचारतो, तसंच दुसऱ्या चालकाबद्दलही विचारलं पाहिजे. शंभर आया विचारायला लागल्या की मालकाला उत्तर द्यावंच लागेल.

*

२०२४ सरताना शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस मूठमूठ गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा. म्हातारे, तरुण, शाळकरी मुली. काही दिवसांतच डोकी उघडी पडली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने नेले. विंचूदंशावरच्या कामासाठी जग ज्यांना ओळखतं त्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तपासाला महिने लागले, आणि तपासाला महिने लागतातच.

फोनला मात्र एक क्षण पुरला. 'टक्कल व्हायरस' हे नाव कुणीतरी ठेवलं आणि सगळ्यांनी पुढे ढकललं. व्हायरस नव्हताच. पण नाव चिकटलं. त्या गावांतल्या लोकांना इतर ठिकाणी लोक लांब बसवू लागले, जुळत आलेली लग्नं अडखळली, मुली डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या. आमच्या घरी मुलाने विचारलं, "मम्मी, शेगावची कचोरी खाल्ली तर केस जातात का?" आठ वर्षांच्या मुलापर्यंत अफवा पोहोचली होती, डॉक्टर पोहोचला नव्हता.

मी त्याला जवळ बसवलं आणि डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं. मग विचारलं, तुझ्या वर्गात त्या गावची मुलगी आली तर कुठे बसशील? तो म्हणाला, "शेजारी." एवढं शिकवायला मला वीस मिनिटं लागली. मेसेज पुढे ढकलणाऱ्याने ती वीस मिनिटं वाचवली होती, आणि त्याची किंमत एका तरुण मुलीने चुकवली, जी आरशासमोर उभी राहायला घाबरत होती.

जे स्वतः तपासलं नाही ते पुढे पाठवू नये. आजाराच्या बाबतीत तर मुळीच नाही. घरातल्या मोठ्यांनी हा नियम पाळला तर मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

*

अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी असते. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ही प्रथा घातली असं सांगतात, आणि वाघ घराणं ती आजही चालवतं. गावाबाहेरच्या शेतात गोल घट आखतात, त्यात अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याचे चार महिने म्हणून. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, करंजी, वडा, भजं, कुरडई. रात्रभर तिथे कुणी जात नाही. पहाटे उजाडण्याआधी बघतात काय हललं, काय सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं. त्यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं भाकीत.

माझे काका दरवर्षी जातात. त्यांच्या खिशात मोबाइल असतो, मोबाइलमध्ये हवामान खात्याचं 'मेघदूत' अ‍ॅप असतं. मी स्पष्ट बोलते. पेरणी कधी करायची हे घागरीवरच्या कुरडईने ठरवू नये, हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघून ठरवावं. सोयाबीनचं बियाणं, खत, मजुरी यांत घातलेला पैसा दुबार पेरणीत बुडाला तर कुठलाही घट तो भरून देत नाही.

हे मी काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, पेरतो तं मी ओल पाहूनच. तिथं जातो माणसाईसाठी." मग त्यांनी सांगितलं की त्या पहाटे बांधावर शेकडो शेतकरी उकिडवे बसलेले असतात. कुणाची विहीर आटली, कुणी कपाशी सोडून तूर धरली, कुणाचं कर्ज थकलं, कुणाचं पोरगं शहरात गेलं, हे सगळं तिथे बोललं जातं. एकाची चिंता चारचौघांत पडते आणि हलकी होते.

हे मात्र मी ऐकून घेतलं. मोबाइल प्रत्येकाला त्याच्या घरात, एकेकट्याला अंदाज सांगतो. अंदाज बरोबर असला तरी तो वाचणारा माणूस एकटा असतो. भाकीत सोडून द्या, बैठक ठेवा. कृषी विभागाने, विद्यापीठाने त्याच पहाटे त्याच बांधावर येऊन हवामानाचा अंदाज समजावून सांगितला, तर शेतकऱ्याला विज्ञान आणि सोबत दोन्ही एका जागी मिळतील.

*

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आणि सासूबाईंना घेऊन लोणारला गेलो. मेहकरहून जवळच, तरी दोन वर्षं जाऊ म्हणत होतो. विवराच्या कडेला पोहोचताच मुलाने फोन वर केला. मी हात धरला. "आधी पाच गोष्टी सांग, मग फोटो काढ." तो हिरमुसला, मग बघू लागला. पाणी हिरवं आहे. खाली झाडी दाट आहे, वर विरळ. काठाशी देऊळ आहे. मोर ओरडतो आहे, पण दिसत नाही. पाचव्याला त्याने नाक वर केलं, "मम्मी, वास येतो." सडक्या अंड्यासारखा तो वास कुठल्याच व्हिडिओत नसतो.

मग मी त्याला सांगितलं की हे काठोकाठ पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर बसॉल्ट खडकात उल्का आदळून झालं, १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यातले मीठप्रेमी सूक्ष्मजीव शोधून कारण सांगितलं, आणि त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेलं. सासूबाईंनी त्याला लवणासुराची आणि त्याला मारायला आलेल्या दैत्यसूदनाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, आजी, राक्षस नव्हता, दगड होता, आकाशातून पडला. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे वरतूनच कोनी आलं ना? तेच तं मी सांगून राहिली."

दोघंही आपापल्या जागी ठाम होते आणि दोघंही एकमेकांचं ऐकत होते. घरात असा वाद झाला असता तर एकजण टीव्हीकडे आणि दुसरा मोबाइलकडे वळला असता. कड्यावर वळायला जागा नव्हती.

*

परतताना मुलीने वॉकर नावाच्या वाघाचा विषय काढला. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वर अभयारण्यातल्या या तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. तो चालायला लागला. महाराष्ट्र, तेलंगण, पुन्हा महाराष्ट्र. नद्या, शेतं, हमरस्ते ओलांडत, बहुतेक रात्री. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळं मिळून सुमारे ३००० किलोमीटर. कॉलर नसती तर तो कुठल्या वाटेने आला ते कधीच कळलं नसतं, आणि वाघाला कुठल्या शेतवाटा लागतात हेही कळलं नसतं.

मुलीने विचारलं, "तो का चालला एवढा?" मी म्हटलं, आईच्या जंगलात जागा नव्हती. स्वतःची जागा आणि जोडीदार शोधत होता.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "दादासारखा." दादा म्हणजे तोच पुण्यातला पुतण्या. माझ्या जाऊबाईंच्या फोनवर त्याचं लोकेशन दिवसरात्र चालू असतं. तो कॉलेजात आहे की खोलीवर, रात्री अकराला कुठल्या चौकात थांबला, सगळं दिसतं. तो वाटेत असताना मलाही ते लोकेशन हवं असतं, १ जुलैची पहाट आठवते म्हणून. पण मुलीने विचारलेला पुढचा प्रश्न मला रात्रभर पुरला. "वाघाची कॉलर काढली का?"

काढली. २०२० च्या एप्रिलमध्ये वनविभागाने ती काढली. माहितीचं काम झालं होतं.

जाऊबाईंना मी हे सांगितलं. त्या चिडल्या, मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, त्याने लोकेशन बंद केलं तर मला झोप येणार नाही. मी म्हटलं, प्रवासात चालू ठेवू, एरवी बंद करू, आणि रोज नऊला फोन करू. नकाशावरचा निळा ठिपका मुलगा जेवला का, रडला का, हे सांगत नाही. ते फोनवर त्याचा आवाज ऐकूनच कळतं. आता ते दोघं रोज नऊला बोलतात. पूर्वी ठिपका दिसायचा म्हणून आठवडा आठवडा बोलायचेच नाहीत.

*

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. ग्रामपंचायतीने ठरवलं, गावाने मानलं.

आमच्या घरातही रात्री आठ ते नऊ या वेळेत सगळे मोबाइल देवघराच्या कोनाड्यात जातात. पहिला आठवडा जड गेला. सगळ्यांत जड मला, कारण बँकेचे मेसेज रात्रीही येतात. मी वरिष्ठांना सांगितलं, आठ ते नऊ मी उत्तर देणार नाही, अत्यंत निकड असली तर फोन करा. अजून एकदाही फोन आलेला नाही. म्हणजे एवढी वर्षं माझा तो तास निकडीशिवायच जात होता. आता त्या तासात मुलगा पाढे म्हणतो, हे भाजी निवडतात, सासूबाई तांब्या पालथा घालतात.

आपल्या जिल्ह्यात १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो माणसं येतात. १५९८ साली तिथे जिजाऊ जन्मल्या. जिजाऊंनी शिवबा घडवले, हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. घडवायला रोजचा वेळ लागतो, तेवढं सांगायचं राहून जातं. नोकरी करणारी आई असो की बाप, यंत्राने वाचवलेला तास त्याने मालकाला, मोबाइलला आणि रस्त्याला देऊन टाकला, तर मुलांसाठी काही उरत नाही.

तेरा तालुके आहेत आपले. त्यांतल्या एका तरी गावाने वडगावसारखा भोंगा वाजवावा. देवळावर कर्णा आहेच, वेगळा खर्च नाही. येत्या २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा होतील. विषयपत्रिकेत दोन विषय घाला. एक, संध्याकाळचा एक तास घराचा. दुसरा, ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना गावातल्या रेशन दुकानातून आणि बँकेतून कुणी माघारी पाठवायचं नाही. अर्ज हाताने लिहिलेला, एका पानाचा चालतो. सही येत नसेल तर शाईचा अंगठा लावा. कागद तो घेतो.